पॅड सोडून आर्केड स्टिक घेतली, पण डावा हात ऐकत नाही – मदत हवी आहे

मंडळी, फायटिंग गेम्स खेळणाऱ्यांपैकी कोणी पॅडवरून स्टिकवर गेलं असेल तर जरा मार्गदर्शन करा.

मी स्ट्रीट फायटर ६ खेळतो, केन हे पात्र घेऊन. आतापर्यंत सगळं डी-पॅडवर, म्हणजे पॅडवरच्या दिशांच्या बटणांवर. हल्ली डावा अंगठा मुळाशी दुखायला लागला, म्हणून स्टिक (लिव्हर आणि मोठी बटणं असलेलं खोकं) घेतली. आत सान्वा कंपनीचा जेएलएफ लिव्हर आहे, वर गोल मूठ, चौकोनी गेट (लिव्हर किती सरकेल ते अडवणारी चौकट) आणि बटणंही सान्वाचीच, ३० मिमीची. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिलाच सल्ला 'चांगले पार्ट्स टाक' असा यायचा.

उजव्या हाताची काहीच तक्रार नाही. उलट मजा येतेय. अंगठा लाइट किकवर, तर्जनी लाइट पंचवर, दोन्ही एकदम चिमटीसारखी दाबली की थ्रो, म्हणजे समोरच्याला धरून फेकणं. प्रत्येक बोटाला आपापलं बटण असल्यामुळे कॉम्बोची लयही पॅडपेक्षा लवकर बसली.

घोडं अडलंय ते डाव्या हाताशी. डावीकडे उभा असलो की शोर्युकेन (वर झेपावणारा पंच, → ↓ ↘) बऱ्यापैकी निघतो. बाजू बदलली, म्हणजे मागे-पुढे उलटं झालं, की ट्रेनिंग मोडच्या इनपुट पट्टीत ← ↓ ← असं दिसतं, शेवटचा तिरका बाण गायब. समोरचा उडी मारून येतो आणि मी खाली उभ्या उभ्या साधा पंच हाणत असतो. दुसरं म्हणजे पुढे चालता चालता हादोकेन (ऊर्जेचा गोळा, ↓ ↘ →) टाकायला गेलो की शोर्युकेन निघतो. आणि तिसरं, सगळ्यात चीड आणणारं: हादोकेनच्या शेवटी केन मधूनच पुढे उडी मारतो. वरची दिशा मी दिलेलीच नसते!

तर विचारायचं असं, की अष्टकोनी गेट बसवला तर फरक पडेल का? मूठ नक्की कशी धरायची, वरून की खालून? आणि हात बसेपर्यंत रँक्ड सामने पॅडवर खेळले तर चालेल, की त्याने सवय लागायचीच नाही? लिव्हर नसलेला, सगळ्या दिशा बटणांवर असणारा प्रकार घे असंही एकाने सुचवलंय, पण लगेच दुसरा खर्च नको.

प्रतिसाद

आधी उडीचं सांगतो. चौकोनी गेटची उजवी कड सपाट असते. तुम्ही हादोकेनच्या शेवटी लिव्हर जोरात उजवीकडे आपटला की तो त्या कडेला टेकतो आणि जोर थोडा जरी वरच्या बाजूला असला तरी घसरत वरच्या कोपऱ्यात जातो. तिथे वरचा आणि उजवा असे दोन्ही मायक्रोस्विच दाबले जातात, झाली उडी. खरं तर स्विच कडेला पोचायच्या बराच आधी 'टक्' करतो. त्या आवाजाच्या पुढे ढकलून काहीही मिळत नाही. आवाज बंद करून, हेडफोन काढून, नुसता तो टक् ऐकत हळूहळू मोशन करा. कडेला न आपटता जमायला लागलं की उड्या थांबतात.

अष्टकोनी गेटमध्ये सरळ दिशांनाही खाच असते, त्यामुळे घसरणं कमी होतं हे खरं. पण बसवायची घाई करू नका. खाली-मागे बसून ब्लॉक धरायचा असतो तेव्हा चौकोनाचा कोपरा फार उपयोगी पडतो, लिव्हर तिथे टेकवून ठेवला की विचारच करावा लागत नाही. गाईलसारखा चार्ज कॅरेक्टर (ज्याच्या खास चालींसाठी आधी दिशा धरून ठेवावी लागते) घेतलात तर हे जास्तच जाणवेल.

चालताना शोर्युकेन निघतो त्यात हाताचा दोष नाही. चालण्याचं → आणि नंतरचं ↓ ↘ मिळून गेमच्या हिशेबी पूर्ण शोर्युकेन होतो. चालणं थांबवून लिव्हर मध्यावर सोडा, एक श्वास जाऊ द्या, मग ↓ ↘ → करा.

प्रतिसाद

वरच्यांशी गेटबद्दल सहमत. मुठीबद्दल मात्र 'योग्य' असं काही नसतं. मी दांडा करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये घेतो, तळवा वर, गोळा हातात नुसता ठेवल्यासारखा. वरून मुठीत धरणारेही उत्तम खेळतात. पण मनगट किंवा हाताची कड स्टिकच्या खोक्यावर टेकलेली हवी आणि पकड सैल हवी. अंगठा वाचवायला गेलात आणि मनगट दुखवून घेतलंत असं व्हायला नको. स्टिक मांडीवर घेत असाल तर तीही हलता कामा नये.

उजव्या बाजूच्या शोर्युकेनसाठी एक पळवाट: खाली बसलेले असाल तर ↙ ↓ ↙ केलं तरी गेम मान्य करतो. उडीवर उत्तर द्यायला हेच सोपं पडतं.

पॅडचं म्हणाल तर रँक्ड तिथेच खेळा की, काय बिघडतं? फक्त एकाच बैठकीत दोन्ही नको.

प्रतिसाद

मी जरा वेगळं बोलतो. अंगठा दुखत नसता तर स्टिकची गरजच नव्हती. २०१४ च्या ईव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत फ्रान्सच्या लफीने अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकलं ते पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर. स्टिकने कोणी आपोआप वरच्या रँकला जात नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ते टक् ऐकण्याचं आत्ता करून बघितलं. मी लिव्हर अक्षरशः भिंतीत घुसवत होतो, उड्यांचं कारण तेच. ↙ ↓ ↙ पण निघतंय, निदान ट्रेनिंग डमीवर तरी. गेट सध्या आहे तोच ठेवतो. अजून एक शंका: सामना चालू असताना हात लागून पॉज पडला, त्यावर काही उपाय?

प्रतिसाद

खोक्याच्या बाजूला लॉकचा छोटा स्विच असतो का बघा. तो सरकवला की ऑप्शन्सचं बटण बंद होतं. स्पर्धेला जाणार असाल तर हे आठवणीने कराच, तिथे मध्येच पॉज झालं तर बऱ्याच ठिकाणी राउंड समोरच्याला देतात.