पत्रकार महापौर झाला की त्याच्यातला पत्रकार कुठे जातो?

दक्षिणवारा:
बारा वर्षं तालुक्याची बातमीदारी केली, म्हणून हे मनाला लागतं. दक्षिण फ्रान्समधलं बेझिये, ८० हजारांच्या आसपास वस्तीचं, द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं शहर. तिथे २०१४ मध्ये रोबेर मेनार महापौर झाले, कडव्या उजव्या नॅशनल फ्रंटच्या पाठिंब्यावर. १९८५ मध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी संस्था उभी करणाऱ्यांपैकी हे एक, २००८ पर्यंत तिचे सरचिटणीस. चीनमधल्या मानवी हक्कांसाठी त्यांनी २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या, ग्रीसमधल्या ऑलिंपियातल्या ज्योत-सोहळ्यात घुसून निषेध केला होता. आणि २०१५ मध्ये त्यांच्याच पालिकेच्या नियतकालिकाने मुखपृष्ठावर एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचा फोटो फेरफार करून छापला! मॅसिडोनियातल्या रेल्वेत चढणारे निर्वासित, आणि खिडक्यांवर मागाहून चिकटवलेले कागद : 'बेझिये ३,८६५ किमी', 'शाळा फुकट, सगळ्यांना घर आणि भत्ता'. एएफपीने हरकत घेतली. फोटोला हात लावायचा नाही, हे यांना कुणी शिकवायला हवं होतं का?

रोजची_पाटी:
मुखपृष्ठ वाईटच. पण एका पानावरून कारकीर्द जोखू नका. २०२०मध्ये लोकांनी पहिल्याच फेरीत ६८ टक्क्यांहून जास्त मतं दिली. पडक्या पेठेत राहणाऱ्याला रस्त्यावरचा पोलीस आणि स्वच्छता आधी दिसते. पत्रकार वर्षानुवर्षं प्रश्न विचारतो. हा माणूस उत्तर द्यायच्या खुर्चीत बसला, याचं मला मोल वाटतं.

वाळवण:
कुणाची स्वच्छता? २०१४ मध्येच त्यांनी रस्त्याकडच्या गॅलरीत दिवसा कपडे वाळत घालायला बंदी केली. जुन्या पेठेतल्या दोन खोल्यांत चार पोरांचे कपडे बाईने कुठे वाळवायचे? मागे अंगण असणाऱ्याला या हुकमाची झळ नाही. १३ वर्षांखालच्या मुलांवरची रात्रीची संचारबंदी तर २०१८ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केली. मतं मिळाली म्हणून हुकूम न्याय्य होत नाही.

रोजची_पाटी:
न्यायालय आहे म्हणूनच चुकीला आवर बसतो, हे मान्य. पण युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, मार्च २०२२ मध्ये, सीरियन निर्वासितांबद्दल आपण जे लिहिलं-छापलं त्याची लाज वाटते, असं मेनार जाहीरपणे म्हणाले. किती राजकारणी एवढं करतात? ही पत्रकाराचीच सवय, चूक कबूल करायची.

दक्षिणवारा:
कबुली मोठीच आहे, नाकारत नाही. पण सात वर्षांनी? आमच्या दैनिकात माझ्या पुराच्या बातमीला आदल्या वर्षीचा फोटो लागला होता. सरपंचाने मला हाताला धरून पारापाशी नेलं. "पेपरात हा पार वाहून गेलाय. बघा, औंदा शाबूत हाय." दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, बातमी होती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत.