तारांकित गाव, विद्युतीकृत पाडा

मूळ प्रश्न

नाशिकच्या एका अभ्यासिकेत आम्ही तिघं बसतो. काल सरावासाठी ग्रामीण विद्युतीकरणावरचं संसदेतलं एक उत्तर मराठीत करायला घेतलं. वर लिहिलं होतं 'तारांकित प्रश्न'. पेठकडून शिकायला आलेला आमचा मित्र म्हणाला, "म्हणजे जिथे तारा ओढल्यात त्या गावांबद्दलचा प्रश्न. आणि अतारांकित म्हणजे आमचा पाडा." थट्टा होती की खरंच वाटलं, चेहऱ्यावरून काही कळेना. पुढे गाडी 'विद्युतीकृत गाव' या शब्दांवर अडली. मी 'वीज पोचलेलं गाव' सुचवलं, तर मित्र हसला. दोन्ही एकच नाहीत का?

प्रतिसाद

आधी तारांकित. यातली तारा आकाशातली, खांबावरची नव्हे. ज्या प्रश्नाचं तोंडी उत्तर हवं त्यापुढे छापताना तारका काढतात, म्हणून तो तारांकित. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न लागतात, अतारांकित २३०. खरा फरक तारकेत नाही, पूरक प्रश्नात आहे. तारांकितवर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि सदस्य तिथल्या तिथे पुढचं विचारू शकतात. अतारांकितचं उत्तर लेखी, ते सभागृहाच्या पटलावर ठेवलं की विषय मिटला. तारांकित प्रश्नाची वेळच आली नाही तर त्याचंही उत्तर लेखीच राहतं. तेव्हा तुमच्या मित्राची व्युत्पत्ती चुकली, पण मराठीत तारेचं अनेकवचन तारा होतं, त्यामुळे शब्दाने स्वतःच त्याला फसवलं.

आता विद्युतीकरण. 'करण'च्या आधीची ई येते च्वि प्रत्ययामुळे (पाणिनी ५.४.५०). अर्थ असा की जे तसं नव्हतं ते तसं झालं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध झालं, म्हणून शुद्धीकरण. या न्यायाने गावाचं विद्युतीकरण म्हणजे गावाचीच वीज करणं! काटेकोर अर्थाने विद्युतीकरण होतं ते आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कोळशाचं. शिवाय अ चा ई होण्याचा नियम अकारान्त शब्दांसाठी आहे आणि संस्कृतातला विद्युत् व्यंजनान्त. मराठीत आपण तो 'विद्युत' असा पाय न मोडता लिहितो, म्हणून चालून जातं. शब्द रुळलाय, त्याला हाकलायचं कारण नाही. पण विशेषण करताना जपा. 'विद्युतीकृत' हे भूतकाळवाचक आहे, काम संपलं असं सांगून मोकळं होतं.

प्रतिसाद

मी वायरमन होतो, पेठ-सुरगाणा भागात बरीच वर्षं खांबावर चढलो. व्याकरण वरच्यांना विचारा. 'गाव' हा शब्द मात्र माझ्याकडून ऐका, कारण सगळी मेख त्यातच आहे.

ऑक्टोबर १९९७ पर्यंत नियम असा होता की महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली की गाव विद्युतीकृत. मराठीत सांगायचं तर शिवारात एका विहिरीवर मोटार चालली की गाव उजळलं. घरात रॉकेलची चिमणी असली तरी. १९९७ नंतर तो वापर माणसं राहतात त्या भागात असायला हवा, असं ठरलं. म्हणजे वीज शिवारातून गावठाणात आली. फेब्रुवारी २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली, ती २००४-०५ पासून लागू झाली. गावठाणात आणि दलित वस्तीत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) व वाहिन्या हव्यात, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी आणि एकूण घरांपैकी निदान १० टक्के घरांत जोडणी. शंभर उंबऱ्यांचं गाव असेल तर दहा उंबरे. उरलेल्या नव्वदांत अंधार असला तरी कागद पुरा होतो.

आणि पाडा? जनगणनेच्या यादीत बहुतेक पाडे वेगळे नसतातच, मूळ गावाच्या पोटात धरतात. मधे ओढा, मधे डोंगर, पण नाव गावाचं. त्या पेठच्या मुलाचा 'अतारांकित' त्या अर्थी अगदी बरोबर आहे.

(रोहित्र हा शब्द मी तक्रारीच्या कागदावरच पाहिला. आयुष्यभर आम्ही 'डीपी' म्हणालो. "रोहित्र जळालं" असा निरोप मला कधी कुणी दिला नाही.)

उपप्रतिसाद

मंत्र्यांच्या पदनामाचीही काळजी घ्या. दिल्लीत विद्युत मंत्रालय आहे आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय वेगळं. ऊर्जामंत्री हे पद महाराष्ट्रातलं. वर्तमानपत्रं सरसकट 'केंद्रीय ऊर्जामंत्री' छापतात, तुम्ही छापू नका.

मूळ प्रश्नकर्ता

वायरमनकाका, तुमचा प्रतिसाद मित्राला वाचून दाखवला. तो म्हणाला, काकांना विचार, 'लाईट आली' म्हणजे काय.

वायरमन

घ्या! त्याला माहीत आहे, तरी विचारतो. पाड्यावर 'लाईट आली' हे जन्मात एकदा म्हणतात, पहिल्यांदा बल्ब लागतो तेव्हा. निफाड-सिन्नरकडे तेच वाक्य रोज म्हणतात, म्हणजे गेलेली परत आली. तिसरा अर्थ शेतकऱ्याचा: मोटारीला लागणारी थ्री फेज आली. गावठाणाचा फीडर वेगळा असला की घरात दिवा असतो आणि तरी मळ्यातला माणूस "लाईट नाही" म्हणतो, नि ते खरंच असतं. रात्रपाळीची लाईट आली की बिबट्याच्या भीतीने तिघं-चौघं मिळून मोटार चालू करायला जातात. या तिन्हींना 'विद्युतपुरवठा' हा एकच शब्द कसा पुरेल?

'आकडा'ही तसाच. उत्तरातला आकडा वेगळा, तारेवर टाकतात तो वेगळा. दुसरा काढायला मी पुष्कळदा गेलोय. शिव्या खाल्ल्यात.

प्रतिसाद (व्याकरणवाले)

यावरून एक सुचलं. उत्तराचं ठरावीक वाक्य असतं, ते शब्दागणिक वाचा: "राज्यांनी कळवल्याप्रमाणे, वस्ती असलेल्या सर्व गावांचे विद्युतीकरण २८ एप्रिल २०१८ पर्यंत पूर्ण झाले." पुढे बहुधा हेही जोडलेलं असतं की वीज समवर्ती सूचीतला विषय आहे, वितरण हे राज्यांचं आणि वितरण कंपन्यांचं काम. माझ्या मते या वाक्याचा कर्ता 'विद्युतीकरण' दिसतो खरा, पण जबाबदारीचा कर्ता 'कळवल्याप्रमाणे'मध्ये बसलाय. मराठी करताना घाईत हाच शब्द गळतो आणि मंत्र्यांनी स्वतः ग्वाही दिल्यासारखं होतं. तो गाळू नका.

'वस्ती असलेल्या'वरही थांबा. नाशिककडे वस्ती म्हणजे मळ्यातली चार घरं. इथे अर्थ आहे ओसाड नसलेलं गाव. आणि वाक्यात 'गाव' आहे, 'घर' नाही. घराचा हिशेब सौभाग्य योजनेतला. ती २५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली आणि मार्च २०२२ पर्यंत २.८६ कोटी घरांना जोडणी मिळाल्याचं सरकार सांगतं. गावं झाल्यावरही घरं उरली होती, हे त्याच सरकारी कागदातून दिसतं. ('सौभाग्य' हे नाव मराठी कानाला जरा वेगळंच लागतं. आमची आई कपाळाला हात लावायची.)

मूळ प्रश्नकर्ता

ठरलं. 'वीज पोचलेलं गाव' खोडलं, कारण ती पोचली की नाही हे आम्हाला त्या कागदावरून सांगता येत नाही. 'विद्युतीकृत' ठेवतोय, पण पहिल्यांदा येतो तिथे "२००४ च्या व्याख्येनुसार" जोडून. 'कळवल्याप्रमाणे' वाक्याच्या सुरुवातीलाच आहे. रोहित्रही राहू दिलं, काका रागावू नका.

मित्राचा एकच प्रश्न उरलाय: हाऊसहोल्डसाठी 'कुटुंब' लिहायचं, 'घर' की 'उंबरा'? त्याच्या पाड्यावर एका घरात तीन चुली आहेत आणि मीटर एक.