हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे पदार्थ: अडतंय कुठे?

भोचक:
सध्या एमओएफवर वाचतोय, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले सच्छिद्र पदार्थ. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघींना याच पदार्थांसाठी मिळालं. दर दुसऱ्या पेपरात ‘विक्रमी क्षमता’! मग घोडं कुठे अडलंय?

कणाद:
याच कामात असतो, म्हणून जरा लांबण लावतो. तो विक्रम कुठल्या दाबाला मोजलाय ते आधी बघा. बरेचदा शुद्ध वायू, 1 बार (साधारण वातावरणाइतका दाब). हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, तिथे यातले कितीतरी विक्रमवीर जवळपास काहीच पकडत नाहीत.

त्यात पाणी. दमट हवेत पाण्याचे रेणू कार्बन डायऑक्साइडच्या चाळीसएक पट असतात. 13एक्स झिओलाईट (बारीक छिद्रांचा, वायू शोषणारा खनिजासारखा पदार्थ) आधी त्यांनाच जागा देतो. म्हणून अमाइनं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवणारी नायट्रोजनची संयुगं; त्यांना थोडा ओलावा उलट मानवतो. त्यातलंच पॉलिइथिलिनइमाइन मधासारखं चिकट. मेथॅनॉलमध्ये पातळ करून सिलिकाच्या सच्छिद्र पावडरीत मुरवायचं, मग मेथॅनॉल उडवायचं. लोभानं जास्त भरलंत की छिद्रं बुजतात, पावडरीच्या गुठळ्या होतात आणि वायूला आत शिरायला वाटच उरत नाही. शिवाय वायू सोडवायला तापवताना हवा लागली की ऑक्सिजन अमाइनं खातो. पांढरी पावडर पिवळी पडली की समजायचं, गेली.

भोचक:
आणि सीओएफ-999, एमओएफचा बिनधातूचा भाऊ? तो म्हणे 60 अंशांनाच वायू सोडतो.

कणाद:
हो, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं 2024 मधलं काम. अमाइनं छिद्रांच्या भिंतींनाच बांधलेली. बाहेरची खरी हवा वापरून पकडण्या-सोडण्याची 100 चक्रं केली, तरी क्षमता टिकली. मला तरी हे नोबेलच्या बातमीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. पण प्लांटला हजारो चक्रं लागतात.

पंखेवाला:
रसायनवाले पंख्याला विसरतात! एक टन पकडायला किमान 13 लाख घनमीटर हवा फिरवावी लागते, तीही त्यातला कण न् कण पकडला तर. पावडरीच्या थरातून एवढी हवा ढकलायची? दाब इतका पडतो की विजेतच सगळं जाईल. म्हणून आधी जाळीदार ठोकळे करा, मग क्षमता सांगा.

कणाद:
मान्य. आणि ठोकळ्यात बाइंडर (पावडर एकत्र धरणारा पदार्थ) आला की क्षमता आणखी घटते. भोचक, पुढचा पेपर उघडाल तेव्हा थेट पुरवणी माहितीत जा. चाचणीच्या वायूत पाणी आणि ऑक्सिजन होता का, ते तिथेच कुठेतरी लिहिलेलं असतं.