मदत हवी आहे: टॅम्पात घरून वेबकॅमचं काम, नोंदणी कोणत्या नावाने करावी?

नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात, टॅम्पाला, छोट्या धंद्यांचे हिशेब बघते. एक नवीन क्लायंट प्रौढांसाठीच्या वेबकॅमवर घरूनच काम करते, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून. (नाकं मुरडायची असतील त्यांनी पुढे सरकावं, प्रश्न कागदपत्रांचा आहे.)

झोनिंगचं (कुठल्या भागात कोणता धंदा चालवता येतो, त्या नियमांचं) कोडं बरंचसं सुटलंय. टॅम्पातल्याच एका वेबकॅम लावलेल्या घराच्या खटल्यात २००१ मध्ये अकराव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटलं की गिऱ्हाईक घरात पाऊलच ठेवत नाही, तर शहराचा अ‍ॅडल्ट धंद्यांचा झोनिंग नियम तिथे लागू होत नाही. शिवाय २०२१ पासून राज्याचा कायदा घरगुती व्यवसायांच्या बाजूने आहे.

घोडं अडलंय ते नावापाशी. टोपणनावाने धंदा करायचा तर राज्याकडे नोंदणी, वर वर्तमानपत्रात जाहिरात! आणि ती नोंद कुणालाही बघता येते. असल्या कामात पाठलाग करणारे महाभाग भेटतातच, त्यामुळे तिला खरं नाव-पत्ता उघड करायचा नाही. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी कागदपत्रं स्वीकारणारा) नेमला, तरी स्थानिक बिझनेस टॅक्सच्या अर्जात घरचा पत्ता द्यावाच लागतो का? घर भाड्याचं आहे, करारात 'फक्त राहण्यासाठी' असं कलम आहे. ते आडवं येईल का? फ्लोरिडात कुणी घरगुती धंदा नोंदवला असेल तर प्लीज सांगा.