प्रतिसाद: ‘हू आर यू’ की ‘हू इज इट’?

समोरचा कोण आहे हे इंग्रजीत विचारताना ‘हू आर यू?’, ‘हू इज इट?’, ‘हू इज धिस?’ यांपैकी काय म्हणायचं, असा प्रश्न आहे. ही सगळी वाक्यं व्याकरणात बरोबरच आहेत, फरक प्रसंगाचा आहे. दार वाजलं आणि माणूस दिसत नसेल तर ‘हू इज इट?’ उत्तर ‘इट्स मी’. फोनवर ओळखीत ‘हू इज धिस?’ चालतं, ब्रिटिश लोक तिथे ‘हू इज दॅट?’ही म्हणतात. ऑफिसच्या फोनवर मात्र ‘मे आय आस्क हूज कॉलिंग?’ हेच वापरा. फोनवर आपलं नाव सांगताना ‘धिस इज सुनील’ म्हणा, ‘मायसेल्फ सुनील’ नको.

घोळ होतो तो ‘हू आर यू?’मध्ये. मराठीत ‘आपण कोण?’ विचारलं की ‘आपण’मध्येच आदर येतो. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे आदर ‘मे आय’, ‘सॉरी’ अशा शब्दांतून आणावा लागतो. तो नसेल तर समोरच्याला ‘तू कोण रे?’ असंच ऐकू येतं. समोर उभ्या पाहुण्याला ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम’ म्हणावं. ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ मात्र नको; ‘गुड नेम’ हे ‘शुभनाम’चं शब्दशः भाषांतर, दक्षिण आशियाबाहेर ते बहुतेकांना विचित्र वाटतं.