अनुभव धागा: अंतर तेवढंच, मग वेळ का बदलतो?

न्यूयॉर्क ते लंडन अंतर सुमारे ५,५४० किमी. विमानाचा वेग ताशी ९०० धरला की सहा तास दहा मिनिटं, असा माझा सरळ हिशेब होता. जाताना हवेत साडेसहा तास गेले, ठीक. परतीला मात्र पावणेआठ! तुमचेही असे हिशेब चुकले असतील, तर येऊ द्या.

*

ही जेट स्ट्रीमची कृपा. साधारण विमानाच्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे, हिवाळ्यात जास्तच जोरात. याच मार्गावर पूर्वेकडे जाताना एकदा समोरच्या पडद्यावर ताशी १,१०० दिसलं. पडदा बिघडलाय म्हणून मी शेजाऱ्याचा बघितला, तर तिथेही तेच. तो जमिनीच्या हिशेबाने मोजलेला वेग. हवेच्या हिशेबाने विमान रोजच्याच चालीने जात असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक जंबो ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं.

*

आमच्याकडे वारा नाही, वाटच बदलली. हेलसिंकी–टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास असायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. नेटवरचं अंतर जैसे थे, कारण ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं. त्या दोऱ्याखाली कोणाचा देश येतो, याच्याशी गणिताला काय देणंघेणं?

*

मी काही वर्षं उड्डाणांच्या नियोजनात होतो. तिकिटावरचा वेळ म्हणजे उड्डाणाचा वेळ नव्हे. विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला थांबेपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. ॲमस्टरडॅमच्या पोल्डरबान धावपट्टीवर उतरलात तर गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं नुसतं जमिनीवर चालतं विमान. शिवाय वेळापत्रकात थोडी सैल जागा मुद्दाम ठेवतात. म्हणून उशिरा निघूनही ‘वेळेआधी पोचलो’ ही घोषणा ऐकू येते. (आणि मग गेट रिकामं नसतं, ते वेगळंच.)

*

टोकियोहून रात्री निघालो आणि होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी उतरलो. तारीखरेषेने १९ तास परत दिले. घड्याळांची वजाबाकी केली तर प्रवासाचा वेळ ऋण येतो :)

*

कमी अंतराला तर भागाकार अजिबात चालत नाही. ३०० किमीला वीस मिनिटं लागायला हवीत, पण अर्धा वेळ वर चढण्यात आणि खाली येण्यातच जातो. याचं टोक म्हणजे स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं उड्डाण: २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं.

*

माझाही एक चुकलेला हिशेब. धागाकर्त्यांचं न्यूयॉर्क–लंडन अंतर मी दुसरीकडे २,९९१ वाचलं आणि साडेतीन तासांत पोचणार म्हणून घरी कळवून मोकळा झालो. ते नॉटिकल मैल निघाले. एक म्हणजे १.८५२ किमी. घ्यायला आलेला भाऊ विमानतळावर तीन तास ताटकळला. अजून काढतो विषय.