जो बरोबर आहे त्यालाही ब्लॉक करावं का? (पांडवलेणीच्या लेखावरून)

गोदाकाठची
मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना, मी जिथे लिहिते त्या मुक्त ज्ञानकोशावर, चोवीस तासांसाठी ब्लॉक केलं गेलं, म्हणजे तेवढा वेळ त्यांना संपादन करता येणार नव्हतं. प्रचालकांकडे, म्हणजे तिथली व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांकडे, तक्रार मीच केली होती. सर तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. तरीही मला वाटतं की मी केलं ते योग्य होतं. ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं मला खरंच ऐकायचं आहे.

झालं असं. नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या लेखात अगदी सुरुवातीला एक वाक्य होतं, ‘ही लेणी पांडवांनी वनवासात असताना कोरली.’ सरांनी ते काढलं. ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत आणि कोणी काय दान दिलं ते तिथल्या भिंतींवरच लिहिलेलं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भिक्षूंच्या संघाला ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली आणि ती गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, व्याजाने ठेवली. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी हे सगळे लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले, त्याला शंभरावर वर्षं झाली. सरांनी तोच संदर्भ जोडला होता.

दुसऱ्या एका सदस्याने अर्ध्या तासात जुनं वाक्य परत आणलं. सरांनी पुन्हा काढलं, त्याने पुन्हा आणलं. असं दिवसभर चाललं. विकिपीडियावर मुळात इंग्रजीत ठरलेला एक नियम आहे: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवायचं नाही. आमच्याकडेही तोच लावतात. तो सदस्य तिसऱ्यावर थांबला. सरांनी चौथ्यांदा उलटवलं. त्याच संध्याकाळी त्यांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘जरा जाऊन ते वाक्य काढा रे.’ तासाभरात तीन नवी खाती उघडली गेली आणि तिघांनीही तेच वाक्य काढलं. मग त्या सदस्यानेही मंडळी बोलावली. शेवटी पान आठवडाभरासाठी संपादनाला बंद झालं, आणि बंद झालं तेव्हा त्यात चुकीचंच वाक्य होतं.

हे सगळं होत असताना लेखाचं चर्चापान, म्हणजे मजकुरावर बोलण्यासाठी लेखाला जोडलेलं वेगळं पान, कोरं होतं. ना सरांची एक ओळ, ना त्या सदस्याची. मला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

त्रिरश्मीची पायवाट
ताई, मला हे अजिबात पटलेलं नाही.

मी दर रविवारी पाहुण्यांना घेऊन त्या पायऱ्या चढतो. शाळेच्या सहली येतात, मुलं प्रकल्पाच्या वह्या घेऊन येतात. वहीत लिहिलेलं असतं तेच पांडवांचं वाक्य. कुठून घेतलं विचारलं की मोबाइल दाखवतात. तुमच्या नियमाने ते वाक्य आणखी आठ दिवस तसंच राहिलं. ज्याने दगडावरचा पुरावा दिला तो बाहेर, आणि ज्याने ‘आमच्याकडे असंच सांगतात’ एवढंच लिहिलं तो आत! पंचाने चेंडू मोजले, फलंदाज बाद होता की नाही ते पाहिलंच नाही.

आणि हा नियम कुठला? जिथे दिवसाला हजारो लोक संपादन करतात तिथला. तिथे एक माणूस ब्लॉक झाला तर दुसरे दहा जण तयार असतात. आपल्याकडे शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचता येणारे आणि वर टंकायला तयार असलेले किती लोक आहेत, बोटावर मोजा. त्यातला एक तुम्ही घालवलात.

सातपूर दुसरी पाळी
त्या तीन खात्यांतलं एक माझं होतं.

सरांनी सांगितलं म्हणून गेलो. मला वाटलं तिथे मतदान असतं, जास्त माणसं ज्या बाजूला ती जिंकते. कोणी सांगितलं नव्हतं की तसं नसतं. दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर पाहिलं तर माझं खातं कायमचं ब्लॉक. कारण काय, तर ‘डमी खाते’. म्हणजे मी कोणी माणूसच नाही, मी म्हणजे सरच. पस्तीस वर्षांचा आहे, स्वतःच्या नावाने मोबाइल घेतलेला आहे, आणि मला कोणीतरी खोटा ठरवलं. याला न्याय म्हणता का ताई? आणि एक विचारतो. सरांचं वय सत्तरीच्या पुढे. तक्रार करण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं?

गोदाकाठची
फोन केला होता. तिसऱ्यांदा उलटवल्यावर केला. म्हटलं, सर, आता थांबा, चर्चापानावर लिहा, मी टंकून देते. ते म्हणाले, ‘धडधडीत चुकीचं आहे तिथे चर्चा कसली?’ आणि फोन ठेवला.

पण तुझी एक गोष्ट मान्य करते. त्यांना पहिली सूचना दुसऱ्या उलटवण्यानंतर दिली गेली होती, ती त्यांच्या सदस्य चर्चापानावर, ठरावीक साच्यातून. सर सगळं मोबाइलवर करतात. ती सूचना त्यांनी उघडलीच नसणार, आणि उघडली असती तरी तिची भाषा एखाद्या नोटिशीसारखी होती. माणसाने माणसाला लिहिल्यासारखं त्यात काही नव्हतं. तो साचा मी बदलायला घेतला आहे.

तुझ्या खात्याचं दुःख खरं आहे. पण प्रचालकाच्या जागी बसून पाहा. एकाच तासात तीन नवी खाती, दुसरं कुठलंही संपादन नाही, तिघांचं काम एकच. बाहेरून पाहणाऱ्याला तीन माणसं आणि एका माणसाची तीन खाती यांत फरक दिसत नाही, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजतात. ब्लॉक झालेल्याला स्वतःच्या चर्चापानावर विनंती करता येते. तू जे इथे लिहिलंस तेच तिथे लिही, मी दुजोरा देईन.

वाचनालयातला कोपरा
मी गोदाकाठच्या बाजूने आहे, आणि कारण थोडं दूरचं आहे.

‘बरोबर कोण ते पाहून ब्लॉक करा’ असं म्हटलं की बरोबर कोण ते ठरवण्याचा अधिकार प्रचालकांना मिळतो. क्रोएशियन विकिपीडियावर काय झालं ते वाचा. मोजक्या प्रचालकांच्या एका गटाने जवळजवळ दहा वर्षं तो ज्ञानकोश आपल्या विचारांप्रमाणे चालवला. दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोव्हाक छळछावणीचं गांभीर्य कमी करून लिहिलं गेलं. विरोध करणारे संपादक हाकलले गेले. २०२१ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर सविस्तर अहवाल काढला. तिथेही त्या गटाची खात्री होती की आपणच बरोबर. म्हणून प्रचालकाने फक्त वागणूक पाहावी, मजकुराचा निवाडा संदर्भ आणि चर्चेवर सोडावा.

त्रिरश्मीची पायवाट
तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या गटाने लोकांना हाकललं ते कशाने? ब्लॉकनेच. नियम होते, ते मोडताही आले आणि वाकवताही आले. संदर्भ देणाऱ्याचं संरक्षण करणारं कोणी नव्हतं, म्हणून तो ज्ञानकोश बुडाला.

संदर्भासह लिहिणारा आणि बिनसंदर्भ लिहिणारा, या दोघांत प्रचालकाला फरक करता आलाच पाहिजे. त्यासाठी इतिहासाचा पंडित असावं लागत नाही. तळटीप आहे की नाही, एवढं पाहायचं.

वाचनालयातला कोपरा
तळटीप कोणीही लावतो. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्येही (सरकारी जिल्हा-माहितीग्रंथात) ‘पांडू लेणं’ हेच नाव आहे. उद्या कोणी तेवढीच तळटीप लावून पांडवांचं वाक्य परत आणेल. मग? तळटीप उघडून तिच्यात काय म्हटलंय ते कोणीतरी वाचावंच लागतं, आणि ते काम चर्चापानावरच होतं.

भगूरकर
तो दुसरा सदस्य मी नाही. पण मीही कदाचित तेच केलं असतं.

सगळे जण ‘चुकीचं वाक्य’ म्हणताय. माझी आजी श्रावणात तिकडे घेऊन जायची. ‘इथे पांडव राहिले’ हे मी चौथीत जाण्याआधी शंभरदा ऐकलं. एक दिवस कोणीतरी येतो आणि ते सगळं एका फटक्यात पुसतो, काही न सांगता. राग येणार नाही? लेणी बौद्ध आहेत हे मला मान्य आहे, शिलालेखापुढे माझी आजी काय बोलणार. पण लोकांनी पिढ्यानपिढ्या त्या डोंगराला पांडवांचं नाव दिलं हीसुद्धा घडलेली गोष्ट आहे. सरांनी ते वाक्य कापण्याऐवजी खाली ‘आख्यायिका’ म्हणून हलवलं असतं तर भांडणच झालं नसतं.

आणि कृपा करून त्या माणसाला उत्पाती म्हणू नका. उत्पात म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस. मनापासून चुकणं म्हणजे उत्पात नव्हे.

गोदाकाठची
भगूरकर, हे तुम्ही इथे लिहिलंत ते तिथल्या चर्चापानावर पहिल्या दिवशी लिहिलं गेलं असतं तर!

उत्पाताबद्दल तुम्ही म्हणता ते नियमातही आहे. उघड उत्पात उलटवताना तीनची मर्यादा लागत नाही. हयात व्यक्तीबद्दल बदनामीकारक, बिनसंदर्भ मजकूर काढतानाही लागत नाही, आणि त्यामागे धडा आहे. २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगेंथलर यांच्यावर केनेडींच्या हत्येशी संबंध असल्याचा खोटा संशय विकिपीडियावरच्या त्यांच्याविषयीच्या लेखात चार महिन्यांच्या आसपास राहिला होता. तिथे जिवंत माणसाचं नुकसान होत होतं, म्हणून तिथे थांबायचं नाही. लेण्यांना दोन हजार वर्षं झाली आहेत. आणखी आठ दिवस ती थांबू शकतात. वह्यांमधली मुलं थांबत नाहीत हे मला ठाऊक आहे, पायवाट यांचा तो मुद्दा माझ्या मनातून जात नाहीये.

त्रिरश्मीची पायवाट
मग पुढचं ऐका. आज एका वाक्यावर भांडण आहे, उद्या शीर्षकावर होईल. शिलालेखात डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. गावाच्या तोंडी पांडवलेणी. अनेक जण आग्रहाने त्रिरश्मी म्हणतात, मीही म्हणतो, आणि आमच्यासाठी ते नुसतं नाव नाही, आमच्या वारशाची ओळख आहे. तेव्हाही ‘तीन वेळा झालं, आता गप्प बसा’ असंच सांगणार?

वाचनालयातला कोपरा
पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या नावावरून इंग्रजी विकिपीडियावर असंच युद्ध झालं होतं. जर्मन नाव डान्झिग की पोलिश नाव ग्दान्स्क? २००५ मध्ये कौल घेऊन ठरलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क, आणि पहिल्यांदा येईल तिथे दुसरं नावही द्यायचं. ती तोडगा निघालेली भांडणं आहेत, ब्लॉकने मिटलेली नाहीत. पण ब्लॉकने लोकांना बसवून ठेवलं नसतं तर कौल घेण्याइतकी शांतता मिळाली नसती.

सातपूर दुसरी पाळी
तिकडे कौल द्यायला भरपूर लोक. आपल्याकडे आठ जण जमतील, त्यातले तीन ब्लॉक.

गोदाकाठची
पान काल उघडलं. मी वाक्य बदललेलं नाही. चर्चापानावर आधी मसुदा ठेवला: पहिल्या परिच्छेदात बौद्ध लेणी, काळ आणि शिलालेख, त्रिरश्मी हे नाव शिलालेखाच्या आधाराने पहिल्याच ओळीत, आणि भगूरकर म्हणतात तशी ‘आख्यायिका’ अशी वेगळी नोंद. रात्री त्या दुसऱ्या सदस्याचं उत्तर आलं. त्याला आख्यायिकेची नोंद मान्य आहे. पण तो विचारतोय की बलश्रीच्या लेखात भिक्षूंना लेणं दिल्याचं नेमकं कुठल्या ओळीत आहे, आणि ती ओळ मराठीत कोणी समजावून सांगेल का.

हे सांगणारा माणूस एकच आहे. उद्या सकाळी आठव्या खंडाची छपाई घेऊन सरांकडे जाते.

सातपूर दुसरी पाळी
किती वाजता? दुपारी दोनच्या आत असेल तर मीही येतो. ते मला दारातून परत पाठवणार नाहीत.